मालक कोण? विडी, ऊस आणि मार्क्स

(पंढरपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर जरा जडच छापलाय: ‘मार्क्सवादी सिद्धांत आणि कामगार लढे यांचे नाते’. संयोजकांनी आधीच लोकांकडून प्रश्न लिहून घेतले होते. त्यातली एक चिठ्ठी मी खिशात ठेवलीय. चिठ्ठीत एवढंच लिहिलंय, ‘मार्क्स वाचून कुठं संप होतो का?’ (हशा)

प्रश्न बरोबर आहे. नाही होत. संप होतो तो पगार कापला म्हणून, रजा नाकारली म्हणून, बाईमाणसाला मुकादमानं नको ते बोललं म्हणून. आपलं दुखतंय हे कळायला कुणाला ‘भांडवल’चे तीन खंड लागत नाहीत. पण दुखतंय ते नेमकं कुणामुळं, हे मात्र दर वेळी दिसतंच असं नाही. समोर उभा असतो तो मुकादम, कंत्राटदार, नाहीतर दिवाणजी. खरा मालक त्याच्या मागं कुठंतरी असतो, कधी तर कागदावरही नसतो. त्याला शोधून काढायला सिद्धांत कामाला येतो. आणि तो सापडल्यावर जी लढाई सुरू होते, ती पुष्कळदा सिद्धांताला मागं टाकून पुढं जाते. मग सिद्धांताला तिच्या मागं पळत यावं लागतं. हे सगळं मी आपल्याच जिल्ह्यातल्या विडी कामगार बायकांच्या गोष्टीतून सांगणार आहे. मॉस्को-पेकिंगला जायची गरज नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. सिद्धांत म्हणजे पोथी आणि चळवळ म्हणजे त्या पोथीचं पारायण, असं पुष्कळांना वाटतं. विरोधकांना वाटतं आणि काही मार्क्सवाद्यांनाही वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा मागण्या होत्या. १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली. लोखंडे मार्क्सवादी नव्हते, सत्यशोधक होते. मार्क्सच्या जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद प्रसिद्ध व्हायला १९३१ साल उजाडलं, आणि तो करणारे गंगाधर अधिकारी तेव्हा मीरत खटल्यातले आरोपी होते. म्हणजे मराठीत लढा आधी आला आणि पुस्तक जवळजवळ पन्नास वर्षांनी.

उलट बाजूही आहे, आणि ती पंढरपूरकरांना मी काय सांगावी. सगळी लेकरं सारखी, हा विचार या चंद्रभागेच्या वाळवंटात शतकानुशतकं गायला गेला. तरी देवळाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना इथं तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसावं लागलं. १ मे १९४७ ते १० मे. तारीख कामगार दिनाची, हा योगायोग असेल. सांगायचा मुद्दा असा, की नुसता लढा पुरत नाही हे जितकं खरं, तितकंच नुसता थोर विचार पुरत नाही हेही खरं. पण हे सगळेच म्हणतात. दोन्ही लागतात म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते एकमेकांत गुंततात कसे, ते बघायला पाहिजे. म्हणून विडी.

सोलापूरचा पूर्व भाग आपल्याला माहीत आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी. आंध्र-तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं, पुरुष माग चालवणारे, बायका विडी वळणाऱ्या. एक काळ गिरण्यांचा होता. जुनी गिरणी १८७७ च्या आसपासची, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी. १९३० च्या मे महिन्यात याच गिरणगावानं इंग्रजांना मार्शल लॉ लावायला भाग पाडलं. पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात जे चौघे फाशी गेले, त्यांतले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारे आणि ‘गझनफर’ साप्ताहिक चालवणारे होते. तो इतिहास मोठा आहे, त्याचं स्वतंत्र व्याख्यान होईल. पुढं गिरण्या बंद पडल्या. विडी मात्र राहिली, कारण तिला गिरणी लागतच नाही. लागतं काय? एक बाई, एक सूप, एक कात्री आणि घराचा उंबरा.

बाई सकाळी विडी कारखान्याच्या शाखेत जाते. तेंदूपान, तंबाखू, दोरा घेऊन येते. पानं भिजवते, पत्र्याच्या मापानं कापते, तंबाखू भरून वळते, दोरा बांधते. मग तयार माल जमा करायला जाते. तिथं तपासणारा खराब म्हणून काही विड्या बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. हिशेब हजारावर. हजार विड्यांना अमुक रुपये.

आता ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात एक छोटं प्रकरण आहे, नगावरच्या मजुरीचं. कामगार-दिवसाचं प्रकरण सगळे वाचतात, हे कुणी वाचत नाही. माझ्या मते सोलापूरसाठी, आणि आपल्या पंढरपूरसाठीही, तेच जास्त कामाचं आहे. त्यात मार्क्सचं म्हणणं असं. नगावर पैसे मिळाले की माणसाला वाटतं, मी माझा माल विकतोय, जितकं करीन तितकं मिळेल, मी माझा राजा. प्रत्यक्षात नगाचा भाव ठरतो कसा? साधारण हातानं दिवसभरात किती नग होतात ते बघायचं, आणि दिवसभर जगायला लागणारी मजुरी त्या आकड्यानं भागायची. म्हणजे ती वेळेचीच मजुरी, फक्त कपडे बदलून आलेली.

समजा, हजार विड्यांना दहा-बारा तास लागतात. घरातल्या पोरीनं शाळेतून येऊन पानं कापून दिली आणि काम आठ तासांत उरकलं. फायदा कुणाचा? त्या आठवड्यात बाईचा. पण सगळ्याच घरांत पोरी पानं कापायला लागल्या की हजाराचा भाव पोरीचं काम धरूनच ठरायला लागतो. पोरीची शाळा गेली आणि मजुरी जिथल्या तिथं. हे कुणी मालकानं खलबत करून ठरवलेलं नसतं. नगावरच्या हिशेबाचा स्वभावच तो आहे.

याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, नगावर काम दिलं की देखरेख करायला माणूस ठेवावा लागत नाही, बाई स्वतःच स्वतःची मुकादम होते. रात्री अकरालाही सूप मांडीवर. दुसरी, या पद्धतीत मालक आणि कामगार यांच्यामध्ये मध्यस्थांची रांग उभी करणं सोपं जातं, आणि प्रत्येक मध्यस्थाचा वाटा तळातल्या मजुरीतून निघतो. १८६७ साली हॅम्बुर्गमध्ये प्रसिद्ध झालेलं पुस्तक, आणि सत्तेदाराचं वर्णन असं की जणू बाळीवेशीतून फिरून आलाय. (हशा)

बरं, हे त्यानं डोक्यातून काढलेलं नव्हतं. इंग्लंडमधल्या सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल, बालमजुरीच्या चौकशी आयोगाचे अहवाल, हे ढिगानं वाचून त्यानं ते लिहिलं. आणि ते इन्स्पेक्टर नेमले गेले कशामुळं? कामाचे तास कमी करा म्हणून कामगारांनी उठवलेल्या ओरड्यामुळं. म्हणजे सिद्धांताचा कच्चा मालसुद्धा लढ्यानंच पुरवलाय. ही देवाणघेवाण आहे, एका बाजूनं वाहणारी गंगा नव्हे.

आता ‘मालक कोण’ या प्रश्नाकडे येऊ. हा नुसता तात्त्विक प्रश्न नाही, यावर सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं भांडण झालंय. १९५८ साली मध्य प्रदेशातल्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं, की सत्तेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, ते आणि त्यांची माणसं कारखान्याचे कामगार धरता येणार नाहीत. पुढं १९६१ च्या सुमारास नागपूरच्या एका प्रकरणात न्यायालयानं कारखान्यात बसून विडी वळणाऱ्यांना कामगार मानलं. आणि त्याच सुमारास, १९६१ साली, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात म्हटलं, की हा माणूस वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, मालक त्याच्या कामावर ताबा ठेवत नाही, म्हणून फॅक्टरी कायद्याप्रमाणं तो कामगार नाही.

वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो. मंडळी, त्या न्यायमूर्तींनी कायद्याची व्याख्या प्रामाणिकपणे लावली असेल. पण नगावरच्या मजुरीचा चकवा तो हाच. भूक ज्याला वेळेवर आणून बसवते, त्याला हजेरीपटाची गरज काय?

याला उत्तर म्हणून संसदेनं १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात दोन शब्दांची किंमत मोठी आहे. पहिला, ‘कामगार’ या व्याख्येत घरी कच्चा माल नेऊन विडी करणारी बाईही आली. दुसरा, ‘मुख्य नियोक्ता’. म्हणजे मध्ये किती का कंत्राटदार असेनात, ज्याच्यासाठी माल तयार होतो, जबाबदारी त्याच्यावर. मालक कोर्टात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. १९७६ ला कल्याण निधीचा कायदा आला, विडीवर उपकर बसवून त्या पैशातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत. १९७७ ला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, आणि घरी काम करणाऱ्या बाईलाही तो लागू आहे हे १९८५ साली न्यायालयानं सांगितलं.

हे मी इतकं तपशिलात का सांगतोय? मार्क्सचं नाव यातल्या एकाही कलमात नाही. पण मध्यस्थांची रांग ओलांडून पलीकडच्या मालकापर्यंत हात पोचला पाहिजे, ही समज कुठून आली? ती कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि युनियनच्या सभांत, अभ्यास केलेले आणि भोगलेले एकत्र बसल्यावर आली. कागदावर आली आणि मालकांनी नवी पळवाट काढली, तीही सांगतो. कंत्राटदाराला पान-तंबाखू ‘विकायची’ आणि त्याच्याकडून विडी ‘विकत घ्यायची’. झालं! कागदावर फक्त दोन व्यापारी उरले, कामगार कुणीच नाही. मग युनियनला पुन्हा पासबुकाची, नोंदीची लढाई. सिद्धांत एकदा कळला की काम संपलं, असं त्यात काही नसतं.

केरळात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तिथं राज्य सरकारनं हा कायदा खरोखर लावायचं ठरवलं, तेव्हा मंगळूरच्या बड्या मालकांनी कण्णूर भागातलं काम बंद केलं. हजारो माणसं घरी बसली. त्यातून १९६९ साली दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. कण्णूरच्या विडी कामगारांत आधीपासून एक रीत होती: सगळे हॉलमध्ये बसून विडी वळायचे आणि त्यांच्यातला एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र, पुस्तक वाचायचा. त्याच्या वाट्याचं काम बाकीचे भरून काढायचे. सिद्धांत आणि श्रम यांचं नातं मला कुणी चित्रात काढायला सांगितलं, तर मी तो हॉल काढीन. पण त्यासाठी हॉल लागतो. सोलापूरची बाई आपापल्या घरात एकटी बसली होती. तिला वाचून कोण दाखवणार?

इथं सिद्धांतानं काय पाहिलं नाही, ते बोललं पाहिजे. आपल्याकडच्या मार्क्सवाद्यांच्या डोळ्यांसमोर कामगार म्हणजे गिरणीतला पुरुष. भोंगा, गेट, लाल बावटा. ज्या बाईला गेटच नाही, तिच्यापर्यंत पोचायला उशीर झाला.

आणि जातीचं तर विचारूच नका. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना विटाळ व्हायचा. हे मालकानं केलं असं म्हणून सुटका नव्हती, हे कामगारांनी कामगारांना केलं होतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लालबावटावाल्यांपुढं रोखठोक ठेवला. वर्ग एक आहे हे पुस्तकात खरं होतं, धोट्यापाशी खरं नव्हतं. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक विवाद विधेयकाच्या विरोधात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एकी झाली, पण ती प्रश्न विचारल्यावर झाली, गप्प बसून नव्हे. आपल्या सोलापुरात तर गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेली माणसं तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवून गिरणीकामाला पाठवली जात. मार्क्स म्हणतो, भांडवलशाहीतला मजूर दोन अर्थांनी मोकळा असतो: साधनांपासून मोकळा आणि कुणाचा गुलाम नाही म्हणून मोकळा. सेटलमेंटमधला मजूर मोकळा कुठं होता? धुळ्याच्या शरद पाटलांनी १९७८ साली वेगळा पक्ष काढून मार्क्सबरोबर फुले-आंबेडकर वाचायचा आग्रह धरला, तो अशा प्रश्नांमुळंच. त्यांची सगळी मांडणी मला पटते असं नाही, पण प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

मुंबईच्या १९८२ च्या संपाबद्दल कुणीतरी चिठ्ठीत विचारलंय. अडीच लाख कामगार, दत्ता सामंतांचं नेतृत्व. तो वेगळा विषय आहे, आज त्यात शिरलो तर शेवटची गाडी चुकेल.

आता घरांकडे येतो. माझ्या मते खरा गुंता तिथं आहे.

विडी कामगार बाईची पहिली अडचण काय? मजुरी कमी हे आहेच. पण ती काम करते कुठं? भाड्याच्या एका खोलीत, जिथं तंबाखूची धूळ, चूल आणि पाळणा एकत्र. घर हाच तिचा कारखाना. म्हणून सोलापूरच्या लाल बावटा युनियननं, नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली, घरांची मागणी लावून धरली. वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. अक्कलकोट रस्त्याला कुंभारी इथं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली. वीस हजार रुपये केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार बाईचे, असा साधारण हिशेब. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते घरं दिली गेली. त्यानंतर तिथंच असंघटित कामगारांसाठी रे नगर, तीस हजार घरांची योजना. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते कार्यक्रम झाला, आणि १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरं त्यांच्याच हस्ते दिली गेली.

आता गंमत बघा. फ्रेडरिक एंगेल्सनं १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. त्यात तो काय सांगतो? कामगाराला स्वतःच्या मालकीचं घर मिळालं की प्रश्न सुटला, असं मानू नका. घर आलं की कामगार त्या जागेला बांधला जातो, दुसरीकडं जास्त मजुरी असली तरी जाऊ शकत नाही. भाडं वाचलं की तेवढी मजुरी मालक खाली आणू शकतो. आणि पुढं तर त्यानं जर्मनीतल्या घरबसल्या कारागिरांचं उदाहरण दिलं: स्वतःचं घर, थोडी बाग, आणि म्हणूनच मजुरी युरोपात सगळ्यात कमी.

म्हणजे कुंभारीत मार्क्सवाद्यांनी जे केलं, ते एंगेल्सच्या इशाऱ्याच्या सरळ विरुद्ध! घरबसं काम आणि मालकीचं घर, दोन्ही एकत्र. वर ते बांधायला भांडवली सरकारांकडून पैसे घेतले, आणि २०१९ च्या त्या कार्यक्रमातल्या भाषणात पंतप्रधानांची स्तुती केली म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं आडम मास्तरांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबितही केलं. पक्षाच्या जागी पक्ष बरोबर असेल. पण जिला पक्कं छप्पर मिळालं, त्या बाईपुढं एंगेल्सचा लेख वाचायची हिंमत कुणाची आहे? माझी नाही. (टाळ्या)

टाळ्या वाजवून एंगेल्सला मोडीत मात्र काढू नका. त्याचा हिशेब चुकीचा नाही. मजुरी ठरवायला मालक बसतो तेव्हा त्याला शेड बांधावी लागत नाही, दिवा-पाणी द्यावं लागत नाही, तो सगळा खर्च बाईच्या घरावर. घर सरकारी मदतीनं झालं असेल, तर त्या मदतीचा एक हिस्सा फिरून विडी मालकाच्या खिशात जाऊ शकतो. हा धोका आजही आहे.

पण एंगेल्ससमोर सुटी सुटी घरं होती. एकेक कारागीर, आपली बाग, आपलं कुंपण. कुंभारीत दहा हजार विडी कामगार बाया एका जागी आल्या. ज्यांना गेट नव्हतं त्यांना गल्ली मिळाली. एका शाखेत विड्या जास्त बाद व्हायला लागल्या, की दुपारपर्यंत नळावर सगळ्यांना कळतं. कण्णूरच्या हॉलचं काम इथं वसाहत करू शकते. करते का, किती करते, हे युनियनवर आहे. घर मिळेपर्यंत मोर्चाला येणारी बाई घर मिळाल्यावर येईलच याची खात्री कुणी देऊ नये. पण मालकीच्या घरामुळं कामगार एकटा पडतो, हे वाक्य आता सरसकट म्हणता येणार नाही. एवढी दुरुस्ती सोलापूरच्या बायकांनी सिद्धांतात केली, असं माझं मत आहे. मतभेद असू शकतात.

वसाहतीला ज्यांचं नाव दिलं त्या गोदूताईंचीही हीच रीत. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये त्या आणि शामराव गेले, तेव्हा पहिली गोष्ट काय धरली? वेठबिगार आणि लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घ्यायचे आणि नवराबायकोनं ते फेडायला त्याच्याकडं राबत राहायचं. पुस्तकातला सर्वहारा हा नव्हे. त्याला आधी वेठीतून सोडवावा लागला, मग मजुरीचा दर मागता आला.

लग्नगडी म्हटल्यावर पंढरपूर तालुक्यातल्या माणसाला दुसरा शब्द आठवला पाहिजे: उचल. हंगामाआधी मुकादम पैसे देतो, आणि जोडपं कोपीत राहायला येतं. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. हिशेब टनावर, म्हणजे पुन्हा नगावरची मजुरी. आजारी पडलं, काम चुकलं, की खाडा, त्याचे पैसे कापणार. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. डॉक्टर, गरिबी, अज्ञान, सगळ्यांवर चर्चा झाली. पण खाड्याच्या भीतीनं बाई स्वतःच्या शरीरावर मुकादम होते, हे त्या न वाचलेल्या प्रकरणातलं सूत्र आहे. मार्क्सनं इंग्लंडच्या पूर्व भागातल्या शेतमजुरांच्या टोळ्यांचंही वर्णन केलंय. बायका, पोरं, आणि वर टोळीचा नाईक, जो शेतकऱ्याशी कामाचा ठेका ठरवतो. तो आपला मुकादमच.

मग मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी काय, मीही उचल अंगावर घेतलीय. कारखाना तर सहकारी, सभासद आपणच, इथं बसलेल्यांपैकीही काही असतील. (शांतता) विडीत १९६६ ला ‘मुख्य नियोक्ता’ शब्द मिळाला, उसात तसा हात धरायला शब्द अजून पक्का नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, चांगलं झालं. पण दर वाढला तरी मधली रांग तशीच राहते.

आणि विडीतही मिळालेलं टिकेल असं समजू नका. जीएसटी आला आणि २०१७ साली विडीवरचा उपकर गेला, म्हणजे कल्याण निधीचा स्वतःचा झरा आटला. १९६६ चा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन केला गेला. तंबाखू वाईट आहे हे खरंच, विडी कमी व्हावी हे मलाही वाटतं. पण मग त्या हातांना दुसरं काम काय, हे तंबाखूविरोधी कायद्यात नाही. इकडं तुमच्या मुलांपैकी कुणी पुण्यात ॲपवर जेवण पोचवत असेल, तर त्याला ‘भागीदार’ म्हणतात. नगावर पैसे, वाटेल तेव्हा लॉगिन, वाटेल तेव्हा बंद. १९६१ च्या निकालातलं वाक्य मोबाईलवर आलंय, बाकी काही नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. मार्क्सनं मरणाआधी तीन वर्षं, १८८० साली, फ्रान्सच्या कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची यादी तयार केली होती. तुमच्या कामाच्या जागेत हवा किती, मध्ये मुकादम आहे का, पगार वेळेवर मिळतो का, घरातली किती माणसं राबतात, असल्या स्वरूपाचे प्रश्न. हजारो प्रती वाटल्या, उत्तरं फार थोडी परत आली. तरी मला ती यादी त्याच्या जाड पुस्तकांइतकीच मोलाची वाटते, कारण त्यात तो सांगत नाही, विचारतो.

तसाच एक कागद आम्ही केलाय, एका पानाचा. दिवाळीनंतर टोळ्या येतील. उचल कुणाच्या नावावर लिहिली? मुकादमाच्या वहीची नक्कल तुमच्याकडं आहे का? वजनकाट्यावर तुमच्यापैकी कोण उभं होतं? खाड्याचे किती कापले, आणि कुणाच्या आजारपणाचे? कोयत्यातल्या बाईच्या हातात हंगामाच्या शेवटी किती रुपये आले? मराठीत आहे, बंजारा टोळ्यांसाठी गोरमाटीत वाचून दाखवणारं कुणी हवंय. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या शिवाराजवळ कोप्या पडतात त्यांनी दोन-दोन न्या, आणि उत्तरं तिथंच बसून, त्यांच्यासमोर वाचून लिहा.